तासावर घेतलेली गाडी : अमानत समजून कशी वापरावी?

गेल्या हिवाळ्यात माझ्या अम्मीला मिरजेला डॉक्टरांना दाखवायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एसटीची पायरी चढणं तिला शक्य नव्हतं. आमच्या घरी स्कूटर आहे, चारचाकी नाही. म्हणून कोल्हापुरातल्याच एका ओळखीच्या माणसाकडून दहा तासांसाठी गाडी घेतली. लायसन्स माझं, डिपॉझिट माझं, कागदावर सही माझी. परत निघताना १९ वर्षांचा भाचा म्हणाला, "फुपी, आता मी घेतो." त्याच्याकडे लायसन्स होतं आणि मी दमले होते. मी चावी दिली. दवाखान्याच्या गेटमधून गाडी मागे घेताना मागचा दरवाजा खांबाला घासला. हातभर ओरखडा आणि वाटीएवढा पोचा.

भाच्यानं लगेच उपाय काढला. "शाहूपुरीत डेंटिंगवाला आहे, दोन तासांत सरळ करून देतो. रात्री अंधारात गाडी लावू, चावी देऊ. कुणाला कळतंय?" खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. मिस्टरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "गाडी कुणाची आहे?" मी मालकाला जे घडलं ते सांगितलं. तो चिडला, डिपॉझिटमधून चार हजार रुपये कापले आणि वर म्हणाला, "मॅडम, हे विम्यात बसत नाही. गाडी पांढऱ्या पाटीची आहे."

त्या रात्री झोप आली नाही. चार हजारांमुळे नव्हे. खांबाच्या जागी एखादा माणूस असता तर? अम्मीला काही झालं असतं तर? पैसे कुणी भरले असते? शाळेत मुलांना "वाचल्याशिवाय सही करू नका" असं शिकवणारी मी, स्वतः काहीही न वाचता गाडी घेऊन मोकळी झाले होते. त्यानंतर कायदा, विमा आणि आपल्या दीनमधले देवाणघेवाणीचे नियम जमेल तितके वाचले, जाणकारांना विचारलं. आपल्या घरांत लग्न, दवाखाना, स्टेशन, हज-उमऱ्याला निरोप अशा कामांसाठी तासावर गाडी घेण्याचं प्रमाण वाढतंय. म्हणून ही माहिती एकत्र मांडते आहे.

ही पद्धत आली कुठून?

एक गाडी अनेकांनी वाटून वापरायची ही कल्पना मोबाईल ॲपच्या खूप आधीची आहे. १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात एका सहकारी संस्थेनं सभासदांसाठी सामाईक गाडी ठेवली होती. ज्यांना स्वतःची गाडी परवडत नव्हती अशांची ती सोय होती. १९८७ मध्ये त्याच देशात अशा दोन सहकारी संस्था निघाल्या आणि १९९७ मध्ये एकत्र येऊन 'मोबिलिटी' ही मोठी संस्था झाली. अमेरिकेत २००० साली 'झिपकार' सुरू झाली. साखर कारखाने आणि दूध संघांच्या आपल्या जिल्ह्याला सहकार नवा नाही, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

भारतात 'झूमकार' ही कंपनी २०१३ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. ॲपवर गाडी निवडायची, लायसन्सचा फोटो चढवायचा, तासाप्रमाणे पैसे भरायचे आणि स्वतः चालवायची. पुढे लोकांच्या मालकीच्या गाड्याही अशा ॲपवर भाड्यानं मिळू लागल्या. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी अशा शहरांत मात्र बहुतेक व्यवहार ओळखीवर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालतो. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. ड्रायव्हर मिळत नाही, तुम्हीच ड्रायव्हर. म्हणजे टॅक्सीत जी जबाबदारी ड्रायव्हरची असते, ती इथं तुमच्यावर येते.

सगळ्यात आधी पाटीचा रंग बघा

आपण गाडीचं मॉडेल बघतो, एसी बघतो, पाटी बघत नाही. मीही बघितली नव्हती.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह भाड्यानं चालणारी टॅक्सी किंवा प्रवासी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्यानं दिली जाणारी गाडी. गोव्याला गेलेल्यांनी अशा काळ्या पाट्या भरपूर पाहिल्या असतील. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. त्यावर पांढरी अक्षरं असतील तर ती खासगी आणि पिवळी असतील तर व्यावसायिक.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्र सरकारनं १९८९ मध्ये 'रेंट अ कॅब' योजना आणली. त्यानुसार हा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो आणि त्याच्याकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात. गाडी घेणाऱ्यानं आपण कुठं आहोत, कुठं चाललो आहोत हे मालकाला वेळोवेळी कळवावं, असंही त्या योजनेत लिहिलं आहे. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन भाड्यानं देणं या चौकटीत बसत नाही. परमिट नसताना गाडी भाड्यानं चालवली तर कलम १९२अ नुसार पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यात गाडी अडवली तर ती तिथंच अडकते, आणि आतमध्ये बसलेली तुमची माणसंही.

"सगळेच देतात की, आजवर काय झालं?" हे मी दहा जणांकडून ऐकलं. काही होत नाही तोवर काही होत नाही, हे खरंच आहे. प्रश्न होतं त्या दिवसाचा असतो.

विम्याचा कागद काय सांगतो

विम्याचे दोन भाग लक्षात ठेवा. पहिला 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेलं नुकसान. तो कायद्यानं सक्तीचा आहे. दुसरा 'ओन डॅमेज', म्हणजे गाडीचं स्वतःचं नुकसान. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' असा एक रकाना असतो आणि त्यात भाड्यानं देण्यासाठीचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं दिल्याचं विमा कंपनीला कळलं तर ती दुरुस्तीचा दावा नाकारू शकते. थर्ड पार्टीच्या बाबतीत न्यायालय जखमीला पैसे मिळवून देतं, पण अटींचा भंग झाला असेल तर विमा कंपनी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करू शकते. आणि मालक कुणाकडं येणार? ज्यानं सही केली त्याच्याकडं.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दुसऱ्याची गाडी मागून घेतली आणि आपल्याच चुकीनं अपघात होऊन चालवणारा गेला, तर त्याच्या घरच्यांना त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळेलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मधल्या एका निकालात म्हटलं आहे की गाडी मागून घेणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, तो 'तिसरा' राहत नाही. गाडीवर जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तोही मालक-चालकाचा असतो.

म्हणून कमावत्या माणसाचा स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा असलेला बरा. पारंपरिक विम्याबद्दल काही घरांत शंका असतात, त्यासाठी आपल्या आलिमांना जरूर विचारा. पण गाडीचा थर्ड पार्टी विमा हा कायद्याचा हुकूम आहे आणि तो दुसऱ्याच्या जिवाच्या हकासाठी आहे, हे विसरू नका.

अमानत आणि इजारा

आपल्या फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला 'इजारा' म्हणतात. वस्तू मालकाचीच राहते, आपण फक्त तिचा ठरावीक वापर, ठरावीक वेळेसाठी, ठरावीक मोबदल्यात विकत घेतो. भाड्यानं घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात अमानत असते. नियमात राहून, काळजी घेऊनही ती बिघडली तर त्याचा बोजा घेणाऱ्यावर येत नाही. पण त्यानं ठरलेली मर्यादा ओलांडली किंवा हलगर्जी केली तर भरपाई त्याच्यावर येते. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत ज्याची त्याला परत करण्याचा हुकूम आहे आणि सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमानं होते.

आता माझं वागणं या मापानं मोजा. करार माझ्या नावावर होता. भाच्याला चावी दिली तिथंच मी मर्यादा ओलांडली. पोचा पडला नसता तरी ती ओलांडलेलीच होती. पोचा लपवला असता तर ती खयानत झाली असती. देशाचा कायदाही यापासून फार लांब नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये विश्वासानं सोपवलेली वस्तू हडप करणं किंवा तिचा गैरवापर करणं हा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जुने लोक त्याला आजही 'अमानत में खयानत' म्हणतात. भाड्याची गाडी परस्पर गहाण टाकणं किंवा दुसऱ्याला भाड्यानं देणं याच कलमात नेऊन बसवू शकतं. घरातल्या तरुणांना हे स्पष्ट सांगा.

उशीर झाला तर लागणारे पैसे 'सूद' होतात का, असाही प्रश्न एका बहिणीनं विचारला. मी मुफ्ती नाही. एवढं दिसतं की जास्तीचे तास वापरले तर त्याचं भाडं देणं साहजिक आहे. त्यावरच्या दंडाबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारावं. सोपा मार्ग म्हणजे वेळेत परत द्यावी आणि प्रश्नच उरू देऊ नये.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

पहिले कागद. आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट यांची मुदत बघा. गाडीचा नंबर टाकून 'एमपरिवहन' ॲपवर नोंदणी कुठल्या प्रकारची आहे आणि विमा कधीपर्यंत आहे हे तपासता येतं. 'डिजीलॉकर' आणि 'एमपरिवहन'मधले कागद पोलिसांना दाखवायला चालतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो हा मात्र कागद नव्हे.

दुसरं, करार. साधा एक पानाचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. त्यात तारीख, वेळ, सुरुवातीचं किलोमीटर, भाडं, किलोमीटरची मर्यादा, डिपॉझिट, कोण कोण चालवणार आणि नुकसान झाल्यास किती रकमेपर्यंत जबाबदारी, हे सगळं असावं. दुसरा कुणी चालवणार असेल तर त्याचं नाव आणि लायसन्स आधीच लिहून घ्या. मी हे केलं असतं तर निम्मा प्रश्न सुटला असता.

तिसरं, ओळखपत्र. मूळ आधार कार्ड किंवा मूळ लायसन्स ठेवून देऊ नका. 'मास्क्ड आधार' डाऊनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त गाडी भाड्यासाठी', आणि खाली तारीख टाका.

चौथं, व्हिडिओ. गाडीभोवती एक फेरी मारून चारही बाजू, टायर, काचा, आतल्या सीटा, किलोमीटर आणि तेलाचा काटा यांचा व्हिडिओ काढा. मालक समोर असताना काढा आणि लगेच त्याला पाठवा. जुना ओरखडा तुमच्या नावावर चढणार नाही आणि तुमचा त्याच्या नावावर जाणार नाही.

पाचवं, गाडीची तब्येत. ब्रेक, हॉर्न, दिवे, वायपर, टायरची हवा, स्टेपनी, जॅक. स्टेपनीतही हवा आहे का ते बघा. अनोळखी गाडीत आधी रिकाम्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर चालवून क्लच आणि ब्रेकचा अंदाज घ्या. एकदम कावळा नाक्याच्या गर्दीत शिरू नका.

पैशांचा हिशेब

'तासाला दीडशे' ऐकायला स्वस्त वाटतं. समजा दहा तासांचे १५०० रुपये, त्यात १०० किलोमीटर आणि पुढे किलोमीटरला १२ रुपये. मिरज कोल्हापूरपासून साधारण ५० किलोमीटर. गावातली फिरती धरून १३० झाले, म्हणजे ३६० रुपये वाढले. एक तास उशीर झाला, त्याचे ३००. तेल साधारण ९०० रुपयांचं. झाले ३०६० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण पद्धत अशीच असते. म्हणून भाडं विचारताना चार प्रश्न एकदम विचारा. किलोमीटरची मर्यादा किती? उशिराचे पैसे किती? तेल जितकं तितकं परत द्यायचं का? डिपॉझिट किती दिवसांत परत?

पुण्याच्या बाजूला किणी टोलनाका आहे, बेळगावच्या बाजूला कोगनोळी. फास्टॅग मालकाचा असतो, तेव्हा टोलचे पैसे कसे द्यायचे ते ठरवून घ्या. ई-चलन काही दिवसांनी मालकाच्या मोबाईलवर येतं. तुमच्या वेळेतलं चलन असेल तर हुज्जत न घालता भरा. आणि कर्नाटकात जायचं असेल तर आधी सांगा. गाडीला दुसऱ्या राज्यात जायची परवानगी आहे का, हे निपाणीला अडवल्यावर विचारून उपयोग नाही.

चालवताना

माणसं मोजून बसवा. पाच सीटच्या गाडीत आठ जण, मांडीवर पोरं, हे आपल्याकडं लग्नात सर्रास चालतं. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. महागडी गाडीसुद्धा बेल्टची जागा घेत नाही. लहान मुलाला पुढं मांडीवर घेऊन बसू नका.

अठराच्या आतल्या मुलाच्या हातात चावी देऊ नका, मैदानातसुद्धा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ नुसार अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोन तरुण जीव घेतले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ते आपल्या घरात होऊ शकत नाही असं समजू नका.

झोपेचं भान ठेवा. लग्न उरकून, जेवून, रात्री बाराला "आता काय, तीन तासांत पोचतो" म्हणून निघणं ही आपली सवय आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून आलेली मिनीबस कोल्हापुरात शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली आणि १३ जण गेले. त्यात लहान मुलंही होती. तो पूल ओलांडताना आजही मला ती रात्र आठवते. तासाचं भाडं वाचवण्यासाठी रात्रीचा प्रवास करू नका. झोप आली तर ढाब्यावर थांबून अर्धा तास पडा. त्या अर्ध्या तासाचं भाडं सगळ्यात स्वस्त आहे.

घाटात अनोळखी गाडी जपून चालवा. आंबा घाट, करूळ घाट, फोंडा घाट, आंबोली, कुठंही उतरताना गिअरमध्येच उतरा. न्यूट्रल टाकून तेल वाचवायला जाऊ नका. चढाला ज्या गिअरमध्ये गाडी चढते, उताराला साधारण त्याच गिअरमध्ये उतरावी हे जुन्या ड्रायव्हर लोकांचं सूत्र बरोबर आहे.

पावसाळ्यात पाण्यात गाडी घालू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी येऊन महामार्गच बंद पडला होता, हे आपण पाहिलं आहे. पाणी ओढून इंजिन बंद पडलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा मिळत नाही. तो खर्च कुणाला परवडणार?

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर सगळ्यात घाईचा असतो. गाडीत खजूर आणि पाणी ठेवा, वेळ झाली की बाजूला थांबून रोजा सोडा. घरी पोचून सोडण्याच्या हट्टापायी वेग वाढवू नका. बकरी ईदला नातेवाइकांना गोश्त वाटायला भाड्याची गाडी नेली तर झाकणाचे डबे वापरा, डिकीत जाड प्लास्टिक अंथरा. पुढच्या माणसाला त्या गाडीत बसायचं आहे, तो कुठल्याही घरातला असू शकतो. लग्नाची गाडी सजवताना चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका, फुलं दोऱ्यानं किंवा रिबिनीनं बांधा.

अपघात झालाच तर

पळून जाऊ नका. ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. गर्दीची भीती वाटते हे खरं आहे. जिवाला धोका वाटला तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पण घरी जाऊ नका. कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना खबर देणं चालकाचं कर्तव्य आहे.

१०८ वर ॲम्ब्युलन्स, ११२ वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. दवाखान्यात पैशांसाठी अडून राहिलात तर या योजनेचं नाव घ्या. वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर मदत करा. कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही.

मग मालकाला फोन करा, त्याच दिवशी, स्वतःहून. फोटो काढा. पोलिसांची नोंद करा. मालकाच्या परवानगीशिवाय गाडी गॅरेजला लावू नका, नाहीतर विम्याच्या सर्वेक्षणाआधी दुरुस्ती झाली म्हणून असलेला दावाही जाऊ शकतो.

परत करताना

कचरा, बाटल्या, खेळणी काढा. तेल ठरलेल्या काट्यापर्यंत भरा. घेताना काढला तसाच व्हिडिओ पुन्हा काढा. मालकाला दिसला नसेल असा ओरखडाही आपणच दाखवा. वेळेत पोचणं शक्य नसेल तर मुदत संपण्याआधी फोन करा. तुमच्यानंतर कुणी त्याच गाडीतून दवाखान्याला जाणार असेल, तर तुमचा एक तास त्यांना महाग पडेल.

आणि गाडी लागतेच का?

हाही प्रश्न विचारून बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ पासून धावते आहे. दोघी-तिघींना साध्या भेटीला जायचं असेल तर ३००० रुपयांची गाडी कशाला? गाडी लागते ती आजाऱ्याला, बाळंतिणीला, चालता न येणाऱ्या बुजुर्गांना. लांब जायचं असेल किंवा रात्र असेल तर ड्रायव्हरसह पिवळ्या पाटीची गाडी अनेकदा शहाणपणाची ठरते.

थोडक्यात, फ्रिजवर लावण्यासाठी

• पाटी काळी, अक्षरं पिवळी आहेत का?
• विमा, पीयूसी, परमिट यांची मुदत बघितली का?
• कराराची प्रत माझ्याकडे आहे का? चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे का?
• घेताना आणि देताना व्हिडिओ काढला का?
• माणसं सीटपेक्षा जास्त नाहीत ना? सगळ्यांचे बेल्ट लागले का?
• चालवणारा झोप काढून आला आहे का?
• काही घडलं तर ते मालकाला मीच सांगणार आहे का?

अम्मीची पुढची तपासणी परवा झाली. या वेळी काळ्या पाटीची गाडी शोधली, भाडं थोडं जास्त पडलं. करारावर भाच्याचं नाव घालून घेतलं आणि परतताना चावी त्याच्याच हातात दिली. गाडी परत केल्यावर त्यानं खाली वाकून चारही बाजू पाहिल्या आणि मालकाला म्हणाला, "काका, डाव्या चाकाच्या कव्हरला एक छोटा ओरखडा पडलाय, बघून घ्या." मालकानं बघितलं आणि "असू दे" म्हणाला. माझे चार हजार रुपये त्या दिवशी वसूल झाले.